खोक्यावरचा आकडा

पेणच्या कुंभारआळीतल्या पुंडलिक आबांनी त्या वर्षी गणपती उरकल्यावर शाडूची एक मूर्ती करायला घेतली, तेव्हाच घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं की ही त्यांच्या हातची शेवटची. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. समोरचा माणूस त्यांना नळीतून पाहावा तसा दिसायचा, आणि ती नळी महिन्यागणिक बारीक होत होती. पण हात शाबूत होते. सून किमया पाण्याची वाटी आणि ओलं फडकं घेऊन शेजारी बसायची, आणि आबा डोळे मिटूनच माती दाबत, खरवडत, पुन्हा लावत राहायचे. हातभर उंचीची बैठी मूर्ती. एक पाय मुडपलेला, सोंड डावीकडे वळून पोटावर टेकलेली. कारखान्यातली माणसं येता-जाता थांबायची, बघायची आणि काही न बोलता आपल्या कामाला लागायची.

आबांचा मुलगा हरेश चाळिशीतला. कारखाना आता तोच बघायचा. त्याच्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट होती. मूर्तीचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरमध्ये घालायचे. कॉम्प्युटर फोटोवर फोटो जुळवून मूर्तीचा आकार उभा करतो. एकदा आकार मिळाला की त्यावरून लहान-मोठी हवी ती मूर्ती काढता येते. किमया हे शिकून आली होती. कॉम्प्युटरही होता. हरेशचा आतेभाऊ मिथुन गडबला राहायचा, रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्यानंच उन्हाळ्यात बसून हा जोडून दिला होता. जाताना एवढंच म्हणाला होता, "दादा, याला आतल्या खोलीत ठेव. इथं धूळ हाय." हरेशनं मान हलवली होती आणि कॉम्प्युटर कारखान्यातच ठेवला होता, कारण सगळं काम तिथंच चालायचं.

मूर्ती पुरी झाली त्या दिवशी किमयानं लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याचा कॅमेरा मागून आणला आणि ओल्या मूर्तीभोवती फिरत फिरत ढीगभर फोटो काढले. ते कॉम्प्युटरमध्ये भरले आणि कॅमेरा परत केला. साचा सावकाश काढू, असं ठरलं. पण दसऱ्यानंतरचं ऊन त्या वर्षी फार कडक पडलं. ओलं फडकं घालूनही मूर्तीला सोंडेपासून पोटापर्यंत तडा गेला, आणि सावलीत न्यायला म्हणून पाट उचलला तर सोंडेचा तुकडा खाली आला. आबांनी चाचपून पाहिलं. "जाऊ दे," म्हणाले. पुन्हा माती मागितली नाही. नळी आता सुईच्या नेढ्याएवढी झाली होती.

राहिले ते फोटो.

किमयानं काम लावलं. पहिला थोडा वेळ भराभर जायचं, मग रेंगाळायचं. स्क्रीनवरची पट्टी पुढं सरकता सरकेना. त्यात दिवसातून एकदा तरी लाईट जायची, आणि लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विचारायचे, "झाला का गणपती उभा?" किमया म्हणायची, "होतोय आबा."

हरेशला राहवलं नाही. त्यानं कुणाकडून तरी शिकून घेतलं की प्रोसेसरचा वेग कुठं दिसतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं बघितलं. प्रोसेसर आला त्या खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा छापला होता, त्याच्या अर्ध्यालाही इथला आकडा पोचत नव्हता. बरं, स्थिरही नव्हता. आता एक दिसायचा, डोळा लवतो न लवतो तोच दुसरा. खाली व्होल्टेज म्हणून आणखी एक आकडा होता, तोही नाचायचा. हरेश बराच वेळ बघत राहिला, आणि त्याच्या मनानं घेतलं की आत वेगळाच माल बसवलाय.

दिवाळी तोंडावर आली होती. मिथुन आईला, म्हणजे हरेशच्या ठमाआत्याला घेऊन सहज आला. आत्या आबांजवळ बसली. किमयानं चहा आणला. सखा आणि आणखी चार कारागीर पणत्या रंगवत बसले होते. हरेशनं मिथुनला कॉम्प्युटरपाशी बोलावलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

मिथुननं बघितलं. "वेग हाय."

"खोक्यावर काय लिवलंय?"

"दादा, तो आपोआप खालीवर होतो. तसाच बनवलेला असतो. आता हा जास्तच खाली हाय खरा, मला उघडून बघायला लागंल."

"आपोआप?" हरेशचा आवाज चढला. "सोनाराच्या दुकानात तोळा आपोआप कमी होतो काय? आपोआप काय होत नसतं, मिथुन. माणूस करतो तेव्हा होतं. खोकं एकाचं आणि आत दुसरंच घातलंस तू."

कारागिरांचे हात थांबले. मिथुन म्हणाला, "दादा, मी तसं केलं नाय."

"घरच्या माणसानं असं केलं तर परक्याला काय बोलायचं?"

मिथुननं खिशातून काढलेला छोटा पेचकस परत खिशात ठेवला. ठमाआत्यानं चहाचा कप जमिनीवर ठेवला; घोटभरही घेतला नव्हता. उठली, पदर सावरला. "चल रे," म्हणाली, आणि दोघं निघून गेली.

आबांनी मान वर केली. "ठमा गेली?"

किमयानं जमिनीवरचा भरलेला कप उचलला.

भाऊबीजेला आत्या आली नाही. आबांनी सकाळी आंघोळ करून नवा सदरा घातला होता आणि दुपार टळेपर्यंत दाराकडं तोंड करून बसले होते, दिसत नव्हतं तरी. शेवटी किमयानं ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं आटलं. हरेशला ते दिसत होतं, पण त्याचा राग अजून गरम होता, आणि राग गरम असला की माणसाला आपलंच खरं वाटतं.

हरेशनं मग दुसराच उपाय केला. पेणला गेम खेळणाऱ्या पोरांचे कॉम्प्युटर तेज करून देणारा एक जण होता. तो आला, सेटिंगमध्ये शिरला आणि म्हणाला, "आता नाचणार नाय. वेग वरती बांधून टाकला, व्होल्टेजपण वाढवून बांधलं." आणि खरंच, आकडा खोक्यावरच्या आकड्यापाशी जाऊन खिळला. हरेशला वाटलं, बघा, जमतं की. मिथुनलाच जमवायचं नव्हतं.

पंखा मात्र तेव्हापासून घोंघावायला लागला. रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर चालू असला तरी त्याच्या वर तो ऐकू यायचा. किमया म्हणाली, "मला हे बरं वाटत नाय. वरनं हात ठेववत नाय." हरेश म्हणाला, काम होऊ दे. पट्टी पूर्वीपेक्षा भरभर सरकत होती. मधूनच सगळं गपकन बंद पडायचं, पुन्हा चालू करायला लागायचं. पौषात एका दुपारी आकार अर्ध्याच्या पुढं गेला. मूर्तीची पाठ, खांदे, मुकुट स्क्रीनवर दिसायला लागले. किमयानं आबांना हाक मारली. ते उठून भिंतीचा आधार घेत येत होते, तेवढ्यात जळक्या प्लॅस्टिकसारखा वास आला आणि स्क्रीन काळा झाला. या वेळेला बटण दाबून काही झालं नाही.

आबा भिंतीला धरून तसेच उभे होते. "काय झालं गो?" त्यांनी विचारलं. किमयानं त्यांचा हात धरला आणि परत खुर्चीवर नेऊन बसवलं.

फोटो त्यातच होते. दुसरीकडं कुठंच नव्हते.

हरेशनं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवलं आणि रोह्याला निघाला. प्रोसेसरचं रिकामं खोकंही बरोबर घेतलं. रोह्यात माहिरा नावाच्या बाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे, मेलेल्या कॉम्प्युटरमधूनसुद्धा त्या फोटो काढून देतात, असं त्याला सांगण्यात आलं होतं. फोटो परत मिळवायचे आणि त्याच वेळी मिथुननं काय घातलंय ते तज्ज्ञ माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, असे दोन्ही हेतू त्याच्या मनात होते. दुसरा हेतू त्यानं किमयाला सांगितला नाही.

माहिराबाई तिशीतल्या. डोक्यावर ओढणी, डोळ्यांवर चष्मा. नवरा कुवेतला, दुकान त्यांचं स्वतःचं. त्यांनी पेटीचं एका बाजूचं झाकण काढलं आणि जराशा मागं सरल्या.

"हे काय आहे, भाऊ? पीठ?"

आतलं सगळं पांढरंफटक होतं. पंख्याच्या पात्यांवर, आणि पंख्याखालच्या धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये पांढरी भुकटी घट्ट बसली होती, मातीच्या भिंतीसारखी.

"प्लॅस्टर," हरेश म्हणाला. "मूर्तीला पॉलिश पेपर मारतो, त्याची धूळ."

"आणि हा तिथंच ठेवला होतात?"

आतल्या खोलीत ठेव, असं कुणी सांगितलं होतं ते हरेशला आठवलं.

माहिराबाईंनी आधी डिस्क काढून आपल्या मशीनला लावली. फोटो उघडले. एकामागून एक ओली मूर्ती स्क्रीनवर आली, शेजारी आबांचे मातीचे हात. हरेशनं श्वास सोडला. बाई म्हणाल्या, "अल्लाचे आभार माना, हे सगळं शाबूत आहे." आणि काही विचारायच्या आतच त्यांनी त्याची एक प्रत काढून वेगळी ठेवली.

मग त्यांनी पंखा खालच्या पत्र्यांसकट काढला. खाली प्रोसेसर होता, वरून वाळलेल्या राखाडी लेपानं माखलेला. हरेश पुढं झाला. त्यानं पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, मला एक सांगा. खोक्यावर जे हाय तेच आत हाय का? मला फसवलंय असा माझा संशय हाय."

बाईंनी त्याच्याकडं एकवार पाहिलं. कापसावर औषधाचे थेंब घेतले आणि लेप पुसायला सुरुवात केली. राखाडी थर जाऊन खाली चकचकीत धातू दिसायला लागला, आणि धातूवर कोरलेली बारीक अक्षरं. त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा."

हरेशनं एकेक अक्षर, एकेक आकडा खोक्याशी ताडून पाहिला. पुन्हा पाहिला. फरक नव्हता.

"तोच आहे," बाई म्हणाल्या. "आणि ज्यानं जोडला त्यानं मनापासून जोडलाय. वायरी बघा कशा बांधल्यात."

हरेश स्टुलावर बसला. त्यानं विचारलं, "मग आकडा कमी का दाखवायचा? आणि सारखा बदलायचा का?"

"इकडं या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्याच मशीनवर तो आकडा उघडून दाखवला. तिथंही तेच. वेग खाली होता, व्होल्टेज खाली होतं. "आता मशीन रिकामं बसलंय, म्हणून एवढाच." त्यांनी एक जड काम लावलं. दोन्ही आकडे झर्रकन वर गेले. थोड्या वेळानं वेगाचा आकडा किंचित उतरला आणि तिथंच घुटमळत राहिला. काम थांबवलं तसे दोन्ही पुन्हा खाली आले. "हे मी काही केलं नाही. हा स्वतःच करतो. एका सेकंदात कितीदा तरी करतो. आपण बघतो तो त्यातला एखादा क्षण."

"पण कशाला?"

"आत कोट्यवधी बारीक स्विच आहेत. ते किती भराभर उघडमीट करतात, तो झाला वेग. भराभर करायचं तर जोर लागतो. तो जोर म्हणजे व्होल्टेज. जोर कमी पडला तर स्विच वेळेत मिटत नाही, हिशोब चुकतो. म्हणून वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवायला लागतं. आता उष्णतेचं बघा. वेग वाढला की ती जेवढ्यास तेवढी वाढते, पण व्होल्टेज दुप्पट झालं की ती चौपट होते. मग काम नसताना उगाच कशाला तापायचं? दोन्ही खाली. काम आलं, दोन्ही वर. आणि अंग फार तापलं, तर काम असलं तरी खाली, नाहीतर जळून जाईल."

"आणि खोक्यावरचा आकडा?"

"तो खोटा नाही. तेवढ्यापर्यंत तो जाऊ शकतो, गारवा असेल तर, थोडा वेळ. कायम तिथंच राहील असं कुठं लिहिलंय?"

बाईंनी धुळीच्या भिंतीकडं बोट केलं. "याला श्वासच नव्हता. तापायचा, म्हणून वेग उतरवायचा. जगायची धडपड होती ती. तुम्हाला वाटलं, माल हलका. मग कुणीतरी येऊन वेग आणि व्होल्टेज वर बांधून टाकलं. तरीही फार तापलं की तो आपल्याला बंद करून घ्यायचा. बंद पडायचा ना मधेच?"

"पडायचा."

"प्रोसेसर वाचला असेल त्यामुळं. पण त्याला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग सतत तेवढा भार ओढत राहिला. तो जळला." त्या जरा थांबल्या. "तुमच्याकडं रंगाचा कॉम्प्रेसर असेल."

"हाय."

"टाकीत हवा भरली की बंद होतो, कमी झाली की चालू होतो. आपोआप. तेव्हा तुम्ही कुणावर आळ घेता का?"

त्यांना मिथुनबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. त्या सहज बोलल्या होत्या. पण हरेशनं हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. 'सोनाराच्या दुकानात तोळा आपोआप कमी होतो काय?' हे वाक्य त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. त्या वेळी ते आपल्याला किती नेमकं सुचलं असं वाटलं होतं, तेही आठवलं.

बोर्ड बदलायला मशीन तिथंच ठेवून तो निघाला. भिसे खिंडीतून नागोठण्याला आला, हायवेला लागला. सरळ पेणला जाता आलं असतं. गडबला आल्यावर त्यानं टेम्पो आत वळवला.

ठमाआत्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. टेम्पोचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"आत्या, मिथुन हाय?"

"नाय."

"शिफ्टला गेलाय?"

"गुजरातला गेलाय. दहेजला. तिथल्या कंपनीत लागला." तिनं शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. "पेणला गाळा बघून ठेवला होता त्यानं. कॉम्प्युटरचं दुकान टाकणार होता. तुला ठाऊक नव्हतं. मामाला विचारून मग सांगीन म्हणायचा."

हरेश पायरीवर बसला.

"तुझी माणसं काय तोंडाला कुलूप लावून बसली होती? चार ठिकाणी बोलली. भावाच्या घरी माल बदलला म्हणून. मग कोण देतोय काम? दोघांनी दिलेलं परत नेलं." आत्याचा आवाज वर चढला नाही. "तुझ्या शब्दानं गेला असं मी म्हणणार नाय. पण इथं थांबायला त्याला कारण उरलं नाय."

"आत्या, चूक माझी हाय. आत्ताच बघून आलो. त्यानं काय केलं नव्हतं. तो म्हणत होता तसंच हाय, आपोआपच होतं ते."

"मला काय सांगतोस त्यातलं. मला माझा पोरगा ठाऊक हाय. मला तपासायला लागलं नाय."

शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तिनंच विचारलं, "दादा कसा हाय?"

"बोलत नायत. भाऊबीजेला वाट बघत होते."

आत्यानं सूप बाजूला केलं. "येईन मी," म्हणाली.

"चल ना मग. टेम्पो हाय."

"तुझ्या टेम्पोतनं नाय. माझी मी एसटीनं येईन."

तिनं मिथुनचा तिकडचा नंबर दिला. हरेशनं हायवेच्या कडेला एका टपरीपाशी टेम्पो लावून मिथुनला फोन केला. मागं यंत्रांची घरघर होती. हरेशनं जे झालं ते सांगितलं. धूळ, कोरलेली अक्षरं, बांधून टाकलेला वेग, जळलेला बोर्ड. मधे काही चुकू नये म्हणून अडखळत, थांबत सांगितलं. "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला," म्हणाला.

मिथुन म्हणाला, "व्होल्टेज बांधायला नको होतं, दादा."

"व्हय."

"मला सांगून काय होणार? मला तेव्हापण ठाऊक होतं. ज्यांच्यापुढं बोललास त्यांना सांग." आणि थोडं थांबून, "माझी शिफ्ट सुरू झालीय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

हरेशला वाटलं होतं, माफी मागितली की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. पण काय करायचं ते कळलं.

त्यानं मशीन दुरुस्त होऊन येईपर्यंत थांबायचं ठरवलं. नुसतं 'मिथुनची चूक नव्हती' म्हटलं तर घरचं माणूस म्हणून पांघरूण घातलं असं लोकांना वाटेल, हे त्याला माहीत होतं. त्यांना दाखवायला हवं होतं. रोह्याहून मशीन आलं ते त्यानं आतल्या खोलीत मांडलं, आणि सकाळी कामाला बसायच्या आधी सगळ्या कारागिरांना आत बोलावलं. सखा सगळ्यात पुढं होता. तोच आबांच्या वेळेपासूनचा, आणि चार ठिकाणी बोलणाऱ्यांत तोही होता.

हरेशनं आकडा दाखवला. "हा बघा, खाली हाय. काम नाय म्हणून." किमयानं काम लावलं. आकडे वर गेले. "आता वर. मी हात लावला? नाय लावला." मग त्यानं त्यांना कॉम्प्रेसरचं सांगितलं. स्विचचं सांगितलं, जोराचं सांगितलं, उष्णतेचं सांगितलं. माहिराबाईंसारखं नीट जमलं नाही. दोनदा वेग आणि व्होल्टेज यांची अदलाबदल झाली आणि किमयानं सुधारलं. पण तो थांबला नाही. शेवटी म्हणाला, "मिथुननं मला त्या दिवशी हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाय. त्याला चोर म्हटलं, तुमच्यासमोर. चूक त्याची नव्हती. धूळ आपली, आणि अक्कल माझी कमी. हे तुम्ही ज्या ज्या ठिकाणी बोललात, तिथं जाऊन हेपण बोला."

सखानं खाली बघितलं. बाहेर पडता पडता तो दारात थांबला आणि म्हणाला, "मी दोन ठिकाणी बोललो होतो. जातो आज."

आत्या आली ती माघातल्या गणेशजयंतीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीनं. हातात वालाची पिशवी. ती हरेशशी बोलली नाही. सरळ आत गेली. आबांना पावलं ओळखू आली. "ठमे," एवढंच म्हणाले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बराच वेळ तसेच राहिले. किमया चहा ठेवायच्या निमित्तानं उठून गेली. त्या दिवशी आत्या चहा प्यायली.

त्याच वेळी आतल्या खोलीत काम चालू होतं. माहिराबाईंनी सांगितल्याप्रमाणे किमयानं फोटोंचे गट पाडले होते, एकेक गट झाला की साठवून ठेवायची, म्हणजे लाईट गेली तरी मागचं वाया जात नव्हतं. वेग कधी चढत होता, कधी उतरत होता. पट्टी सरकत होती. सूर्य कलल्यावर किमयानं दोघांना आत बोलावलं. आबांसाठी खुर्ची आणली. आत्या त्यांच्याशेजारी खाली बसली. हरेश दारातच उभा राहिला.

राखाडी रंगाचा आकार हळूहळू भरत होता. आबांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय दिसतंय, ठमे?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि सांगायला लागली. "पाट दिसतोय. मुडपलेला पाय. पोट आलं. आता सोंड येतेय बघ, डावीकडं वळलीय."

"पोटावर टेकलीय?"

"टेकलीय. इथं खोलगट हाय जरा."

"अंगठा हाय तो माझा. तिथं माती जास्त दाबली गेली." आबांनी हवेतच अंगठा फिरवला. "कान?"

"दोन्ही हायत. मुकुट हाय." आत्या थांबली, पुढं वाकून बघायला लागली. "डोळं नाय दिसत, दादा. किमया, डोळं यायचं राहिलंत का गो?"

किमयानं चित्र मोठं करून फिरवलं. कपाळाखाली दोन्ही बाजूंना नुसते गुळगुळीत उंचवटे होते. तिनं हरेशकडं बघितलं. ओली मूर्ती समोर असताना दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"राहिलं नाय," आबा म्हणाले. "मी केलंच नाय. मला दिसंना, म्हणून कोरं ठेवलं. आंधळ्यानं देवाचं डोळं कोरू नये."

खोलीत पंख्याचा मंद आवाज तेवढा होता.

"मग आता कोण करणार?" आत्यानं विचारलं.

"हरेश करंल," आबा म्हणाले. "घाई करू नकोस म्हणावं त्याला."

हरेश दारातून पुढं आला आणि खाली, आत्याच्या बाजूला बसला. ती सरकली नाही. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून फोन काढून किमयाच्या हातात दिला. "मिथुनला लाव गो," म्हणाली. "त्याला हे दाखव. आणि विचार, शिमग्याला रजा मिळतेय का."